काठावरची माणसे

क्रिकेटच्या मोसमाचा आढावा घेण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. विजेतेपद कोणाला, सर्वाधिक धावा कोणाच्या, सर्वाधिक बळी कोणाचे आणि निवड समितीचे लक्ष कोणी वेधले, हे चार रकाने भरले की आढावा पुरा होतो. या रकान्यांत न मावणारी माणसे प्रत्येक मोसमात असतात, आणि संख्येने तीच जास्त असतात. कोणाला दोन सामने मिळतात, कोणाला आठ. कोणी मोसमभर संघाबरोबर हिंडतो आणि त्याचे नाव धावफलकावर येते ते फक्त 'बदली क्षेत्ररक्षक' म्हणून घेतलेल्या एखाद्या झेलापुरते. मुंबईने २०२३-२४च्या मोसमात बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, त्याला आता काही काळ लोटला आहे. त्या विजयाची वर्णने भरपूर झाली. मला तो मोसम या दुसऱ्या माणसांच्या बाजूने पुन्हा वाचावासा वाटतो.

त्यांना मी काठावरची माणसे म्हणतो. इंग्रजी लिखाणात त्यांच्यासाठी झालरीवरून घेतलेला एक शब्द आहे. पण झालर शोभेची असते, ही माणसे शोभेची नव्हेत. 'काठ' हा शब्द मला जवळचा आहे, कारण मी वरोरचा आहे. डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव, स्टेशन वाणगाव, आणि तिथून चर्चगेट शंभर किलोमीटरांहून दूर. आमच्या बाजूला काठ ही ठाम रेषा नाही. भरतीला तो आत येतो, ओहोटीला दूर जातो. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या पोरांना सीमारेषा दर तासाला नव्याने आखावी लागते. संघाचा काठही असाच असतो. काल आत असलेला आज बाहेर असतो, आणि पुष्कळदा त्यात त्याच्या खेळाचा काहीच संबंध नसतो.

या माणसांविषयी लिहिताना आपली भाषा कशी वळते ते आधी पाहावे. प्रस्थापित फलंदाज चार डावांत अपयशी ठरला तर आपण म्हणतो, 'तो सध्या फॉर्मात नाही'. म्हणजे मूळ खेळाडू जागच्या जागी शाबूत आहे, त्याच्यावरून एक ढग चालला आहे, एवढेच. काठावरचा फलंदाज दोन डावांत अपयशी ठरला की आपण म्हणतो, 'त्याने संधी वाया घालवली'. तो यशस्वी झाला तर 'संधीचे सोने केले'. दोन्ही वाक्यांत 'संधी' आहे. एकाला जागा असते, दुसऱ्याला संधी. जागा आपली असते, संधी कोणीतरी दिलेली असते, आणि जे दिलेले असते ते परत घेता येते. या एका शब्दात काठावरच्या खेळाडूची सगळी स्थिती सामावलेली आहे, आणि आपण तो शब्द इतक्या सहज वापरतो की त्यातले उपकाराचे सूर आपल्याला ऐकूही येत नाहीत.

आता मोसमाकडे.

०

भूपेन लालवानीपासून सुरुवात करतो. पाटण्याला बिहारविरुद्ध मोसमाचा पहिला सामना झाला. त्या सामन्याला बिहारचे दोन वेगवेगळे संघ मैदानावर हजर झाले, आणि बिहारकडून बारा वर्षांचा वैभव सूर्यवंशी पहिल्यांदा प्रथमश्रेणी क्रिकेट खेळला. बातम्या साहजिकच या दोन गोष्टींच्या झाल्या. मुंबईच्या २५१ धावांत सलामीच्या लालवानीने अर्धशतक काढले होते आणि बिहारला दोन्ही डावांत जेमतेम शंभरच करता आल्याने मुंबईने डावाने सामना जिंकला, हे खालच्या ओळींत गेले. रायपूरला छत्तीसगडविरुद्ध लालवानीने १०२ धावा केल्या. पण त्याच डावात दुखापतीतून परतलेल्या पृथ्वी शॉने उपाहाराआधीच शतक ठोकून १५९ धावा केल्या. दोघांची सलामीची भागीदारी २४४ धावांची होती. मथळा एकाचाच झाला. यात कोणाचा दोष नाही. शॉचा खेळच डोळे दिपवणारा आहे. पण मोसम संपला तेव्हा पाचशेहून अधिक धावा करून लालवानी मुंबईच्या फलंदाजांत सर्वांत पुढे होता. विजेत्या संघात सर्वाधिक धावा कोणाच्या, असा प्रश्न मी गेल्या दोन वर्षांत अनेक क्रिकेटवेड्यांना विचारला आहे. बरोबर उत्तर एकानेही दिले नाही.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२४मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात शॉबरोबर सलामीला विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे उतरला. मग रणजीत महाराष्ट्राविरुद्ध त्याने १७६ धावा काढल्या आणि ती निवड योग्य होती हे दाखवून दिले. म्हात्रे असामान्य आहे, याविषयी वाद नाही. पण मोसमात सर्वाधिक धावा करणे हीदेखील जागेची हमी नसते, हे या घटनेत स्वच्छ दिसते. लालवानीचे काम एका अर्थी 'जागा धरून ठेवण्याचे' होते. गर्दीच्या लोकलमध्ये कोणासाठी तरी रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे. रुमालाने कितीही इमाने काम केले तरी शेवटी तो उचललाच जातो.

मोहित अवस्थीची गोष्ट याहून टोकदार आहे. बिहारविरुद्ध २७ धावांत सहा बळी, थुंब्याला केरळविरुद्ध ५७ धावांत सात बळी, आणि मोसमभरात तीसहून अधिक. साखळीतले सामने मुंबईने ज्या गोलंदाजीवर जिंकले तिचा तो कणा होता. अंतिम सामन्यात, वानखेडेवर, विदर्भाविरुद्ध, अकरा जणांत तो नव्हता. त्याच्या जागी धवल कुलकर्णी आला.

धवलही काठावरचाच, फक्त दुसऱ्या बाजूचा. २००८-०९च्या मोसमात तो मुंबईकडून आला आणि पहिल्याच मोसमात करंडक जिंकून बसला. त्यानंतर दीड दशक तो भारतीय संघाच्या दारात उभा होता. न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि कसोटी न खेळता परत आला. २०१५च्या विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात राखीव म्हणून थांबला. बारा एकदिवसीय आणि दोन टी-ट्वेंटी सामने, एवढाच त्याचा आंतरराष्ट्रीय हिशेब. कसोटी एकही नाही. निवृत्तीचा निर्णय घेऊन तो हा अंतिम सामना खेळला. पहिल्या डावात त्याने १५ धावांत तीन बळी घेतले आणि विदर्भ १०५ धावांत संपला. पाचव्या दिवशी विदर्भाचा एकच गडी शिल्लक असताना कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू धवलच्या हाती दिला. त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला, मुंबई १६९ धावांनी जिंकली, आणि कारकिर्दीचा शेवटचा चेंडू हाच करंडक जिंकून देणारा चेंडू ठरला. असा शेवट काल्पनिक कथेत लिहिला तर संपादक तो कापून टाकील.

मी तो क्षण पाहिला आणि सगळ्यांसारखा मीही हेलावलो. पण त्याच क्षणी अवस्थी कुठे बसला असेल, हेही मनात आले. एकाचा सुंदर निरोप दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत घडतो. संघ नावाच्या गोष्टीत हे अटळ आहे आणि अवस्थीने टाळ्या वाजवल्याच असतील. पण आढावा लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी करावे की दोघांची नावे शेजारी लिहावीत.

हार्दिक तामोरे हा यष्टिरक्षक. तामोरे हे आडनाव आमच्या किनारपट्टीवर परके नाही, त्यामुळे धावफलकावर ते दिसले की नजर थोडी जास्त रेंगाळते, हे मान्य करतो. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईचे पाच गडी १४२ धावांत बाद झाले होते. तेव्हा अठरा वर्षांच्या मुशीर खानबरोबर तामोरेने १८१ धावांची भागीदारी केली. मुशीर नाबाद २०३, तामोरे ५७. मुशीर १९ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक खेळून नुकताच परतला होता, त्यामुळे ते द्विशतक गाजले आणि गाजायलाच हवे होते. तामोरेच्या ५७ धावांचे मोल मात्र चेंडूंच्या हिशेबात आहे. तासन्तास तो एक टोक अडवून उभा होता. दुसऱ्या डावात त्याने ११४ धावा केल्या. त्या शतकाचीही कथा झाली नाही, कारण त्याच डावात त्याच्या मागून जे घडले ते जगावेगळे होते.

मुंबईचे नऊ गडी ३३७ धावांत बाद झाले, तेव्हा दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे एकत्र आले. पुढे दोघांनी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याची प्रथमश्रेणी क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ. पहिली १९४६ची: इंग्लंडच्या दौऱ्यावर सरेविरुद्ध ओव्हलला चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची २४९ धावांची भागीदारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोन्ही नोंदी भारतीय तळाच्या फलंदाजांच्याच नावावर आहेत.

देशपांडे कल्याणचा. त्याने सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. शिवाजी पार्कला निवड चाचणीसाठी तो फलंदाज म्हणून गेला होता. पण फलंदाजांची रांग लांबलचक होती आणि गोलंदाजांची आखूड, म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला. घरी परतण्याची गाडी गाठायची असलेल्या मुलालाच असा हिशेब सुचतो. आयुष्याचा पेशा रांगेच्या लांबीवरून ठरला. आणि कित्येक वर्षांनी अकराव्या क्रमांकावर जाऊन त्याने आपल्यातल्या त्या जुन्या फलंदाजाची उधारी चुकती केली.

कोटियनने त्या मोसमात पाचशेहून अधिक धावा केल्या, बळीही भरपूर घेतले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा माणूस काठावरचा कसा, असे कोणी विचारील. डिसेंबर २०२४मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीनंतर रविचंद्रन अश्विनने निवृत्ती जाहीर केली आणि कोटियनला तातडीने ऑस्ट्रेलियाला बोलावण्यात आले. तो मेलबर्नला पोहोचला, संघाबरोबर राहिला आणि एकही कसोटी न खेळता परतला. काठ कधी संपत नाही, तो फक्त वरच्या पायरीवर सरकतो. मुंबईसाठी अपरिहार्य असलेला माणूस भारतासाठी राखीव असतो. पद्माकर शिवलकरांना हे आयुष्यभर ठाऊक होते. प्रथमश्रेणीत ५८९ बळी घेतलेला, १९७२-७३च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूला एका डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेऊन उद्ध्वस्त करणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदीच्या काळात जन्मला, म्हणून भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. मार्च २०२५मध्ये ते गेले, तेव्हा प्रत्येक मृत्युलेखात हाच 'न मिळालेल्या' गोष्टीचा उल्लेख सर्वांत आधी आला. काठावरच्या माणसाची ही शेवटची विटंबना म्हणावी लागेल: त्याने केलेले सोडून त्याला न मिळालेले आपण मोजतो.

०

शार्दूल ठाकूरविषयी वेगळे लिहायला हवे, कारण तो पालघरचा. आमच्याकडच्या पोरांना तेंडुलकर देवासारखा आहे. शार्दूल मात्र शक्यतेसारखा आहे. देव लांब असतात, शक्यता आपल्याच गाडीतून प्रवास करते.

उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ साली. तोपर्यंत आमच्या पट्ट्यातल्या कोणाला मुंबईत क्रिकेट खेळायचे तर पहाटेची गाडी पकडून विरार गाठायचे, तिथून लोकल, आणि खांद्यावर किटची बॅग. किटच्या बॅगेला विरार लोकलमध्ये जे ऐकून घ्यावे लागते ते मी अनुभवाने सांगू शकतो. तरुणपणी दोन पावसाळे मी कांगा लीगमध्ये मैदानातल्या एका क्लबाचा राखीव खेळाडू होतो. कांगा लीग १९४८पासून पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, अवखळ खेळपट्टीवर तंत्र पारखले जाते अशी तिची ख्याती. माझे तंत्र फारसे कोणी पारखले नाही. अकरावा माणूस आला नाही तर मी खेळायचो, आला तर पाणी न्यायचो, गुण लिहायचो, कोणाला पायात गोळा आला तर सीमारेषेवर उभा राहायचो. वाणगावहून पहाटे निघालेला मी वेळेवर पोहोचायचो, दादरचा अकरावा माणूस उशिरा यायचा आणि तरीही खेळायचा. यात अन्याय झाला असे मला तेव्हाही वाटले नाही. तो माझ्यापेक्षा बरा खेळायचा. पण राखीव माणूस दिवसभर काय करतो ते मला त्या दोन पावसाळ्यांत कळले. तो सामना पाहत नाही, तो एका जागेकडे पाहत असतो. आपल्या संघाने जिंकावे असे त्याला मनापासून वाटते, आणि त्याच वेळी, ती जागा रिकामी व्हावी असेही वाटते. हे दोन्ही एकाच छातीत सांभाळून हसतमुखाने पाणी नेणे हे क्रिकेटमधले एक अवघड कौशल्य आहे. त्याची सरासरी कोणी काढत नाही.

मंडळाने मात्र त्याची किंमत काढलेली आहे. २०२१-२२पासून पुरुषांच्या देशांतर्गत सामन्यांत चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला साठ हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला पन्नास हजार आणि त्याहून कमी खेळलेल्याला चाळीस हजार रुपये मानधन ठरले. राखीव खेळाडूंना त्याच्या निम्मे. निम्मे ही तशी उदार रक्कम आहे. पण बाराव्या माणसाचा दिवस अर्धा नसतो. तो पहाटे त्याच वेळी उठतो, त्याच बसने जातो, तितकाच सराव करतो.

तर, शार्दूल. २०१८मध्ये हैदराबादला तो पहिली कसोटी खेळला, दहा चेंडू टाकले आणि जखमी होऊन बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळाली जानेवारी २०२१मध्ये, ब्रिस्बेनला, कारण तोवर भारताचे बहुतेक गोलंदाज जायबंदी झाले होते. तिथे त्याने वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. तो संघच काठावरच्या माणसांचा होता. सुंदर आणि नटराजन हे त्या कसोटी मालिकेसाठी मुळात नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवून घेतलेले. मालिका जिंकल्यावर कर्णधाराने करंडक नटराजनच्या हाती दिला. तो कर्णधार अजिंक्य रहाणे.

डोंबिवलीचा हा माणूस २०२३-२४च्या रणजी मोसमात मुंबईचा कर्णधार होता, आणि तेव्हा तो स्वतःच काठावर आला होता. जुलै २०२३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर भारतीय संघात त्याला जागा राहिली नव्हती. रणजीतही त्याच्या धावा होत नव्हत्या. अंतिम सामन्यापर्यंतची त्याची आकडेवारी एखाद्या नवख्याची असती तर तो केव्हाच वगळला गेला असता. (हाच तो जागा आणि संधी यांतला फरक.) अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने ७३ धावा केल्या, पण मला त्याचे मोठे काम वेगळेच वाटते. उपांत्य सामन्यात तामिळनाडूच्या १४६ धावांसमोर मुंबईचे सात गडी १०६ धावांत परतले होते. तिथून शार्दूलने १०९ धावा काढल्या, प्रथमश्रेणीतले आपले पहिले शतक. तामोरे त्याच्याबरोबर उभा राहिला, कोटियनने नाबाद ८९ केल्या, देशपांडेने साथ दिली, आणि ३७८पर्यंत गेलेल्या मुंबईने सामना डावाने जिंकला. अंतिम सामन्याच्या पहिल्या डावातही मुंबई २२४पर्यंत पोहोचली ती शार्दूलच्या ७५ धावांमुळे. ज्या संघात आठव्यापासून अकराव्यापर्यंतचा प्रत्येक माणूस आपल्याला फलंदाज समजतो, त्या संघात कोणीतरी त्यांना तसे समजू दिलेले असते.

उपांत्य सामन्यानंतर शार्दूल दोन रणजी सामन्यांमधल्या तीन दिवसांच्या तोकड्या विश्रांतीविषयी जाहीरपणे बोलला. असेच चालू राहिले तर खेळाडू जखमी होतील, असा त्याचा रोख होता. ज्याला भारतीय संघात अढळ स्थान आहे त्याला हे वेळापत्रक सोसावेच लागत नाही. ते सोसतात काठावरचे. आणि ते सहसा बोलत नाहीत, कारण बोलणाऱ्याची संधी काढून घेणे सोपे असते. म्हणून शार्दूलचे ते वाक्य मला त्याच्या शतकाइतकेच महत्त्वाचे वाटते. २०२५-२६च्या मोसमासाठी मुंबईने रहाणेनंतर त्याला कर्णधार केले, तेव्हा आमच्या भागात लोकांनी एकमेकांना पेढे दिले. मला त्या वाक्याची आठवण झाली.

०

काठावरच्यांनी जिंकून दिलेल्या संघात पुढे तारे परततात तेव्हा काय होते, याचा प्रयोगच जणू जानेवारी २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाला. ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर भारतीय खेळाडूंनी देशांतर्गत क्रिकेट खेळावे असा आग्रह मंडळाने धरला होता. जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून रोहित शर्मा आणि यशस्वी जयस्वाल सलामीला आले. रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबेही होते. मोसमभर चांगला खेळलेला म्हात्रे बाहेर बसला. काही महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी जागा मोकळी झाली होती त्यानेच आता ती मोकळी करून दिली.

मुंबई पहिल्या डावात १२० धावांत बाद झाली. त्यातल्या ५१ शार्दूलच्या. दुसऱ्या डावात सात गडी १०१ धावांत गेले, आणि पुन्हा शार्दूल व कोटियन उभे राहिले: १८४ धावांची भागीदारी, शार्दूल ११९, कोटियन ६२. तरीही जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून सामना जिंकला. रणजीच्या इतिहासात जो संघ तोवर स्वतःच काठावर राहिला होता, त्याने बेचाळीस वेळा विजेत्या ठरलेल्या संघाला त्याच्याच अंगणात हरवले. लोक रोहितला पाहायला आले होते. त्यांनी पाहिले ते मात्र काठावरच्यांचे क्रिकेट, दोन्ही बाजूंचे.

यावरून 'तारे नकोत, काठावरचेच खरे' असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. रोहित हा रोहित आहे, आणि म्हात्रेलाही त्याच्या शेजारी बसून शिकायला मिळाले असेल. माझा मुद्दा याहून साधा आहे. संघाची खोली किती, हे त्याच्या पहिल्या पाच नावांवरून कळत नाही. विहिरीची खोली पाण्याच्या पृष्ठभागावरून कळत नाही, तसेच हे.

२०२३-२४च्या विजेत्या संघाचा प्रशिक्षक ओंकार साळवी खेळाडू म्हणून फक्त एक लिस्ट-ए सामना खेळला आहे. त्याचा भाऊ आविष्कार भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला. आणि मुंबईच्या काठाची सगळ्यांत जुनी कथा अमोल मुझुमदारची. फेब्रुवारी १९८८मध्ये शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातला तो विक्रम २०१८पर्यंत टिकला. अकरा हजारांहून अधिक प्रथमश्रेणी धावा, २००६-०७मध्ये कर्णधार म्हणून करंडक, आणि भारताकडून एकही सामना नाही.

२ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मुझुमदार त्या संघाचा प्रशिक्षक होता आणि आविष्कार साळवी गोलंदाजीचा प्रशिक्षक. त्या स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध वगळली गेलेली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून गेली. सलामीची प्रतीका रावल जखमी झाली, म्हणून मूळ संघात नसलेली शफाली वर्मा आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. प्रतीका चाकाच्या खुर्चीत बसून त्या आनंदात सामील झाली. स्पर्धेत तिने तीनशेहून अधिक धावा केल्या होत्या. पण पदके पंधरा जणींनाच, आणि पंधरांत आता शफाली होती. नियमाने प्रतीकाला त्या रात्री पदक मिळाले नाही. ते नंतर तिला देण्यात आले.

हे 'नंतर' मला महत्त्वाचे वाटते. कोणाच्या तरी लक्षात आले की यादीत न बसणारी एक व्यक्ती या विजयात आहे, आणि यादी अपुरी आहे. मोसमाचा आढावा लिहिणे म्हणजे तेच काम आहे, असे मी मानतो. ज्याच्या हाती करंडक आहे त्याचे वर्णन करायला छायाचित्र पुरते. छायाचित्राच्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्याला लिहिणाऱ्याची गरज असते. लालवानीच्या पाचशेहून अधिक धावा, अवस्थीचे बळी, तामोरेने अडवून धरलेले टोक, ही सगळी मुंबईच्या बेचाळिसाव्या विजेतेपदाची बांधणी आहे. ती माणसे पुढच्या मोसमात असतील किंवा नसतील. २०२४च्या इराणी सामन्यात कनौजहून मुंबईला आलेला, पोटासाठी रिक्षा चालवलेला जुनेद खान पदार्पण करून गेला. काठ रिकामा कधीच राहत नाही. कोणीतरी पहाटेच्या गाडीत बॅग मांडीवर घेऊन बसलेलाच असतो. तो आत येईल की नाही हे निवड समिती ठरवील. आला होता एवढे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.